रंग बदलायचा, पण कशाच्या मोबदल्यात?

विद्यार्थी मित्रांनो, अहिल्यानगरचे रणगाडा संग्रहालय तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. पूर्वी अहमदनगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या आमच्या शहरात १९९४ साली ते उभे राहिले. तेथे देशोदेशीचे रणगाडे एका रांगेत मांडलेले आहेत. रणगाडा पोलादाचा. त्याला झाडीत लपायचे असेल तर हिरवा रंग द्यावा, वाळवंटात जायचे असेल तर वाळूसारखा द्यावा. जुना रंग खरवडला काय आणि त्याच्यावरच नवा चढवला काय, आतल्या पोलादाला त्याचे काही सोयरसुतक नसते. रंग हा पोलादाचा पाहुणा आहे. आज आला, उद्या गेला.

आता दुसरी वस्तू घ्या. अकोले तालुक्यात हरिश्चंद्रगडाच्या कड्यावर दोर लावून उतरणाऱ्या गिर्यारोहकांच्या कमरेला लाल, निळ्या, जांभळ्या रंगाच्या धातूच्या कड्या लटकलेल्या असतात. त्यांना कॅरॅबिनर म्हणतात. त्या अ‍ॅल्युमिनियमच्या संमिश्राच्या असतात. खडकावर घासून त्यांना चरे पडतात, पण त्यांचा रंग पापुद्रे सुटून निघत नाही. नेमबाजांच्या एअर रायफलचे दस्ते पाहा. पूर्वी ते लाकडी असत, आता मोठ्या स्पर्धांतून अ‍ॅल्युमिनियमचे रंगीत दस्ते सर्रास दिसतात. तुमच्या घरातील सरकत्या खिडकीची बदामी चौकट आणि स्वयंपाकघरातील काळसर तवा हेही याच कुळातले. या सर्वांचा रंग पाहुणा नव्हे, घरचाच आहे. म्हणून तो बदलायचा म्हटले की घराच्या भिंतीला हात लावावा लागतो. आजच्या लेखात मला एवढेच सांगायचे आहे. पण ते नीट पटायला थोडे खोलात शिरले पाहिजे.

विषय मी मुद्दाम बंदुकीच्या भागांवरून मांडणार आहे. एन.सी.सी.तील विद्यार्थ्यांनी ज्या पॉइंट टू टू रायफलने गोळ्या झाडल्या असतील, ती लाकडाची आणि पोलादाची असते. गेल्या साठ-पासष्ट वर्षांत मात्र बंदुकीचे वजन घटविण्यासाठी तिच्या शरीराचा मोठा भाग अ‍ॅल्युमिनियमचा करण्याची पद्धत रूढ झाली. नळी आणि स्फोटाचा दाब सोसणारे भाग पोलादाचेच राहिले. पण त्यांना धरून ठेवणारा सांगाडा, ज्याला रिसीव्हर म्हणतात, तो हलक्या संमिश्राचा झाला. अमेरिकेची एम-१६ रायफल हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. भारतीय सैन्याने २०१९ साली ७२,४०० सिग-७१६ रायफलींची मागणी नोंदविली, त्याही याच वळणाच्या आहेत. आपल्या पुण्याच्या ए.आर.डी.ई. या संशोधन संस्थेने महूच्या इन्फन्ट्री स्कूलबरोबर केलेले ‘अस्मि’ हे मशीन पिस्तूल जानेवारी २०२१ मध्ये जाहीर झाले. त्याचा वरचा रिसीव्हर विमानाला वापरतात त्या दर्जाच्या अ‍ॅल्युमिनियमचा, तर खालचा कार्बन तंतूंचा आहे. अशा भागांत दशांश मिलिमीटरच्याही पुढची मापे सांभाळावी लागतात. म्हणूनच रंग बदलण्याची खरी किंमत तेथे चटकन दिसते. खिडकीच्या चौकटीत ती दिसत नाही.

प्रथम हा रंग राहतो कोठे, ते पाहू.

अ‍ॅल्युमिनियम गंजत नाही असे आपण सहज म्हणतो. वस्तुतः ते इतक्या लगबगीने गंजते की तो गंजच त्याचे चिलखत होतो. ताज्या कापलेल्या पृष्ठभागावर हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन ऑक्साइडचा थर तत्काळ बसतो आणि दोन ते पाच नॅनोमीटर जाडीला तो थांबतो. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. हा थर विजेच्या साहाय्याने हजारो पट जाड करणे म्हणजे अ‍ॅनोडायझिंग, आपल्या पाठ्यपुस्तकाच्या भाषेत धनाग्रीकरण. १९२३ साली इंग्लंडमध्ये बेंगफ आणि स्टुअर्ट यांनी समुद्रावर उतरणाऱ्या विमानांचे भाग खाऱ्या पाण्यापासून वाचविण्यासाठी क्रोमिक आम्लाची पद्धत काढली. चार वर्षांनी गंधकाम्लाची पद्धत आली आणि आजही बहुतेक ठिकाणी तीच चालते. थंड, सौम्य गंधकाम्लाच्या टाकीत अ‍ॅल्युमिनियमची वस्तू धनाग्राला जोडून टांगायची आणि एकदिश प्रवाह सोडायचा. बाहेरून कोणताही धातू येऊन बसत नाही. वस्तूचेच अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडमध्ये बदलत जाते.

किती बदलते? फॅरडेचा नियम तुम्हाला येतोच. दहा सेंटिमीटर लांब-रुंद पत्र्याच्या एका बाजूचा विचार करा. प्रवाह दीड अँपिअर, वेळ अर्धा तास. विद्युत्प्रभार झाला १.५ × १८०० म्हणजे २७०० कूलोम. अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा एक मोल तयार व्हायला सहा मोल इलेक्ट्रॉन लागतात, म्हणून २७०० ला ६ × ९६,५०० ने भागा. उत्तर येते सुमारे ०.००४६६ मोल. एका मोलचे वजन १०२ ग्रॅम, म्हणजे ऑक्साइड जवळजवळ ०.४८ ग्रॅम. या सच्छिद्र ऑक्साइडची घनता दर घनसेंटिमीटरला ३ ग्रॅम धरली तर १०० चौरस सेंटिमीटरवर त्याची जाडी सुमारे १६ मायक्रॉन भरते. प्रत्यक्षात १३-१४ मायक्रॉनच मिळतात, कारण एकीकडे वीज थर वाढवीत असते तेव्हा दुसरीकडे आम्ल तो थोडाथोडा विरघळवीत असते. आणि यासाठी धातू किती खर्ची पडला? तेवढ्याच प्रभाराला ०.२५ ग्रॅम अ‍ॅल्युमिनियम, म्हणजे ९.३ मायक्रॉन. थर चौदा, त्यासाठी गेलेला धातू नऊ. कारखान्यातले जुने लोक ‘दोन हिस्से आत, एक हिस्सा बाहेर’ म्हणतात, तो हिशेब आपण कागद-पेन्सिलीने आत्ताच सिद्ध केला.

बंदुकीच्या रिसीव्हरवर सहसा याहून कठीण थर देतात. त्याला हार्ड अ‍ॅनोडायझिंग म्हणतात. आम्ल शून्य अंशाच्या जवळ गार ठेवायचे, प्रवाह वाढवायचा आणि सुमारे ५० मायक्रॉनपर्यंत थर वाढू द्यायचा. थंडीमुळे आम्लाचे खाणे कमी होते, म्हणून थर दाट होतो आणि हिशेबही बदलतो: निम्मा आत, निम्मा बाहेर.

आम्ल खाते हा दोष वाटला ना? तीच तर रंगाची सोय आहे. आम्लाच्या या कुरतडण्यामुळे थरात उभी, सरळ, सूक्ष्म छिद्रे राहतात. षट्कोनी कोठड्या मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या शेजारी शेजारी आणि प्रत्येकीच्या मधोमध एक नळी, अशी ही रचना अमेरिकेतील केलर, हंटर आणि रॉबिन्सन यांनी १९५३ साली दाखवून दिली. नळीचा व्यास पंधरा-वीस नॅनोमीटर आणि एका चौरस सेंटिमीटरात अशा अब्जावधी नळ्या. रंगद्रव्याचा रेणू एक-दोन नॅनोमीटरचा असतो, तो सहज आत शिरतो. मग वस्तू उकळत्या पाण्यात ठेवली की ऑक्साइड पाणी धरून फुगतो, नळ्यांची तोंडे मिटतात आणि रंग आत कोंडला जातो. याला सीलिंग म्हणतात. (खिडक्यांचा बदामी रंग याहून निराळा. तेथे नळ्यांच्या तळाशी विजेने कथिलाचे कण बसवितात, म्हणून वर्षानुवर्षांच्या उन्हातही तो टिकतो. सेंद्रिय रंगद्रव्याला एवढे ऊन सोसत नाही.)

आता मुद्द्यावर येऊ. एखाद्याला आपल्या वस्तूचा रंग बदलावासा का वाटतो? कारणे साधी असतात. उन्हाने किंवा तीव्र क्षाराच्या साबणाने काळा रंग विटून जांभळट दिसू लागतो. दोन भाग दोन वेळा रंगविलेले असले तर एक शाईसारखा काळा आणि दुसरा करडा दिसतो. काहींना नुसती हौस असते. स्वप्निल कुसाळे याने २०२४ साली पॅरिसला कांस्यपदक मिळविले. त्याआधी २०२२ साली रुद्रांक्ष पाटील कैरोत जगज्जेता ठरला होता. आपल्या मुलांना नेमबाजीची गोडी लागली, ही आनंदाचीच गोष्ट आहे. तेव्हा आपल्या एअर रायफलचा चंदेरी दस्ता निळा असावा असे एखाद्या मुलीला वाटले तर त्यात गैर काहीच नाही.

पण निळा करायचा कसा? नळ्यांची तोंडे मिटलेली आहेत, नवा रंग आत जाणार नाही. तेव्हा जुना थर पुरा विरघळवून नवा वाढविणे एवढाच मार्ग उरतो. आणि जुना थर कशाचा होता? वस्तूच्याच धातूचा!

एक उदाहरण करून पाहू. रिसीव्हरला आरपार एक भोक आहे आणि त्यात ५.९८ मिलिमीटरची खीळ बसते. थर दिल्यानंतर भोक ६.०० मिलिमीटर भरावे म्हणून कारखानदाराने ते ६.०५ चे पाडलेले असते. कारण ५० मायक्रॉनच्या थराचा निम्मा, म्हणजे २५ मायक्रॉन, प्रत्येक बाजूने भोकात पुढे येणार. बाकीचे २५ मायक्रॉन मूळ धातूत आत शिरलेले आहेत. आता थर काढला. दोन्ही बाजूंचे पन्नास-पन्नास मायक्रॉन गेले आणि भोक झाले ६.१०. पुन्हा तेवढाच थर दिला की ते होते ६.०५. खीळ तीच ५.९८ ची. पूर्वी दोन शतांश मिलिमीटरची मोकळीक होती, ती आता सात शतांश झाली. साडेतीन पट! रंग मात्र सुरेख निळा.

आट्यांचे तर याहून वाईट. साठ अंशांच्या आट्याच्या तिरक्या बाजूवरून २५ मायक्रॉन गेले तर आट्याचा मध्यव्यास त्याच्या चौपट, म्हणजे एक दशांश मिलिमीटर घटतो. चौपट का, हे भूमितीच्या शिक्षकांनी वर्गात विचारावे. तीस अंशांची ज्या आठवली की उत्तर दोन ओळींत सुटते. आणि हे सारे गणित थर काढणाऱ्या रसायनाने धातूला मुळीच स्पर्श केला नाही असे धरून केलेले आहे. ते तसे वागत नाही. स्वस्त आणि सोपा उपाय म्हणजे कॉस्टिक सोडा. तो थर खातो आणि थर संपला की न थांबता धातूही खातो. फॉस्फरिक आणि क्रोमिक आम्लांचे गरम मिश्रण धातूला जवळजवळ इजा करीत नाही, पण त्यातील षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे आणि त्याचे सांडपाणी गटारात सोडणे हा गुन्हा आहे. ज्या शेडमध्ये सांडपाण्याची व्यवस्था नाही, तेथे हे काम होता कामा नये, मग गिऱ्हाईक कितीही घाई करो.

मोबाइलवर गाडीच्या बॅटरीचे आम्ल आणि प्लास्टिकची बादली घेऊन घरीच अ‍ॅनोडायझिंग करून दाखविणारे महाभाग आजकाल पुष्कळ दिसतात. मित्रांनो, ते पाहून उत्साहित होऊ नका. कॉस्टिकमध्ये २७ ग्रॅम अ‍ॅल्युमिनियम विरघळले तर प्रमाण तापमान-दाबाला ३३.६ लिटर हायड्रोजन सुटतो. शिवाय क्रियेत उष्णता निर्माण होते, द्रावण तापते, तापले की क्रिया आणखी वेग घेते. बंद न्हाणीघर, कॉस्टिकचे उडते तुषार आणि एखादी ठिणगी. पुढचे मी सांगायला नको.

बरे, थर काढून पुन्हा दिला तरी हवा तो रंग मिळेलच असेही नाही. संमिश्र कोणते, त्यावर सारे अवलंबून. खिडकीच्या सेक्शनचे संमिश्र जवळजवळ शुद्ध, त्यावर थर काचेसारखा स्वच्छ येतो. बंदुकीच्या आणि विमानाच्या कामाला लागणाऱ्या ७०७५ या संमिश्रात जस्त आणि तांबे असते, तेथे थराला मुळातच पिवळट झाक येते. ओतीव भागांत सिलिकॉन इतके असते की थर राखेसारखा करडा पडतो आणि त्यावर निळा रंग म्हणजे मळक्या फळ्यावर रंगीत खडू. एकाच बंदुकीचे दोन भाग निरनिराळ्या संमिश्रांचे असले तर एकाच टाकीत, एकाच वेळी रंगवूनही ते जुळत नाहीत. हा कारागिराचा दोष नव्हे.

आणखी एक बाब, आणि तिच्याबद्दल मी कोणतीही तडजोड मानायला तयार नाही. बंदुकीवर क्रमांक असतो. एम-१६ च्या कुळातील रायफलींत तो अ‍ॅल्युमिनियमच्या रिसीव्हरवरच कोरलेला असतो. रसायनाने थर काढताना खाच आणि सभोवतालचा भाग सारखाच खाल्ला जातो, त्यामुळे खोली फारशी घटत नाही, पण अक्षरांच्या कडा बोथट होतात. त्यानंतर पृष्ठभाग एकसारखा दिसावा म्हणून वाळूचा मारा करतात किंवा पॉलिश करतात, तेव्हा मात्र वरचा भाग झिजतो आणि क्रमांक उथळ होतो. अमेरिकेत बंदुकीच्या कारखानदारांना हा क्रमांक निदान तीन हजारांश इंच, म्हणजे सुमारे ७६ मायक्रॉन खोल कोरावा लागतो. आपण वर ज्या थराची चर्चा केली तो ५० मायक्रॉनचा, हे लक्षात घ्या. आणि जी अक्षरे लेसरने केवळ थरातला रंग उडवून काढलेली असतात, ती थराबरोबर समूळ जातात. आपल्या शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ८ प्रमाणे बंदुकीवरील नाव, क्रमांक किंवा ओळखीची खूण पुसणे, काढणे वा बदलणे यांस सक्त मनाई आहे. आणि कलम ५ प्रमाणे शस्त्रांची दुरुस्ती वा रूपांतर ही परवान्याची कामे आहेत. तुमच्यापैकी जे उद्या आय.टी.आय. किंवा डिप्लोमा करून नागापूरच्या एम.आय.डी.सी.त नोकरीला लागतील, त्यांच्यापुढे एखादा ओळखीचा माणूस कागदात गुंडाळलेला असा भाग घेऊन ‘फक्त रंग बदलून दे’ म्हणत आला, तर सरळ नाही म्हणा. ‘फक्त रंग’ असे त्या कामात काही नसते.

माझे एक सहकारी यावर म्हणतात, “तुम्ही उगाच बाऊ करता. टॉर्चच्या नळीचा दहा मायक्रॉनचा थर काढून पुन्हा दिला तर काय बिघडते?” काही बिघडत नाही, हे मला मान्य आहे. दस्त्याच्या ज्या पट्टीत ना खीळ बसते ना आटे आहेत, ती खुशाल निळी करावी. मात्र काम जाणणाऱ्याकडून. माझा आक्षेप माप न पाहता रंग पाहण्याला आहे.

आणि या सवयीचे मूळ मला आपल्या शिकविण्यात दिसते. राज्य मंडळाच्या २०१८ साली आलेल्या दहावीच्या पुस्तकात धातूंचे क्षरण रोखण्याचे उपाय ओळीने दिले आहेत: जस्ताचा थर, कथिलाचा थर, धनाग्रीकरण, विद्युत विलेपन, संमिश्रे. यादी बरोबर आहे. पण विद्यार्थी ती ‘लेप देण्याचे प्रकार’ म्हणून पाठ करतो आणि धनाग्रीकरण त्या गर्दीत हरवते. विद्युत विलेपनात वस्तू ऋणाग्राला असते आणि तिच्यावर परका धातू येऊन बसतो. धनाग्रीकरणात वस्तू धनाग्राला असते आणि तिची स्वतःचीच त्वचा वाढते. दोन्ही क्रिया एकमेकींच्या उलट आहेत. परीक्षेत व्याख्या विचारून हा फरक कळला की नाही ते समजणार नाही. त्याऐवजी ‘सोन्याचा मुलामा दिलेली अंगठी आणि अ‍ॅनोडायझिंग केलेली सोनेरी पट्टी, या दोन्हींचा रंग काढून टाकल्यावर प्रत्येकीचे वजन मूळ वजनापेक्षा कमी भरेल, तेवढेच भरेल की जास्त?’ असे विचारून पाहावे. ज्याला फरक कळला आहे त्याला उत्तर देता येईल, बाकीचे मार्गदर्शक चाळतील.

शिक्षकांना वर्गात करून दाखविण्याजोगा एक निर्धोक प्रयोगही आहे. त्याला आम्ल नको, क्षार नको. शाळेतला मल्टिमीटर पुरे. जुनी रंगीत टॉर्च किंवा खिडकीच्या सेक्शनचा टाकाऊ तुकडा घ्या. (गिर्यारोहकाची कडी घेऊ नका. तो पुन्हा तिच्यावर लटकणार आहे!) मल्टिमीटर रोधावर लावून त्याच्या दोन्ही सुया रंगीत पृष्ठभागावर हलकेच टेकवा. काटा हलत नाही. धातूची वस्तू, आणि वीज वाहत नाही! वर्गात येथे हमखास कुजबुज होते. अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड उत्तम विद्युत्रोधक आहे, एका मायक्रॉनच्या थरातही मल्टिमीटरच्या बॅटरीला दाद न देण्याइतका. आता दोन जागी कानशीने थोडे घासा आणि सुया तेथे टेकवा. रोध शून्यावर येतो. मग मुलांना भिंगातून घासलेली जागा पाहू द्या. रंगाचा पापुद्रा सुटलेला दिसणार नाही, रंग आणि धातू यांच्यामध्ये फटही दिसणार नाही. तेल-रंग दिलेल्या पत्र्याचा तुकडा शेजारी ठेवला तर तुलना आणखी स्पष्ट होते.

ज्यांना रंग बदलणे खरोखरच भाग आहे, त्यांच्यासाठी रणगाड्याचीच वाट अधिक शहाणपणाची आहे. जुना थर जागेवर राहू द्यावा आणि त्याच्यावर पातळ, चिवट रंग चढवावा. सच्छिद्र ऑक्साइडला रंग चांगला धरतो. त्यातही एक पथ्य आहे. पावडर कोटिंगची भट्टी १८० ते २०० अंशांची असते, आणि ७०७५ संमिश्राला त्याची ताकद सुमारे १२० अंशांना मुरवून दिलेली असते. त्याहून इतक्या वर तापविल्यास ती ताकद घटते आणि वरून काही कळत नाही. तेव्हा भट्टीवाल्याकडे जाताना रंगाचा नमुना नेण्याआधी संमिश्राचा क्रमांक विचारून घ्यावा आणि तो सांगता येत नसेल तर वस्तू परत घरी आणावी.